रामिप्रिल, केळी आणि वैशाखातलं ऊन

आमची केळीची बाग आहे. बीपीची रामिप्रिल गोळी लागल्यापासून सूनबाई केळं हातात धरू देत नाही. एवढं पथ्य खरंच आहे का? (रावेर)

काका, किडनी ठीक असेल आणि पोटॅशियमचा रिपोर्ट नॉर्मल असेल तर दिवसाला एखादं केळं बिनधास्त खा. सूनबाईंची काळजी अगदीच अनाठायी नाही, कारण ही गोळी शरीरातलं पोटॅशियम धरून ठेवते. क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं असेल किंवा सोबत स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम धरून ठेवणारी लघवीची गोळी) चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. मला केळ्यापेक्षा धास्ती आहे ती 'लो सोडियम' मिठाच्या पुड्याची. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि 'बीपीवाल्यांसाठी चांगलं' म्हणून लोक ते हौसेनं आणतात. गोळी सुरू झाल्यावर आणि डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन, पोटॅशियम तपासून घ्यायचं. हे बहुतेकांचं राहूनच जातं.

एनालाप्रिल चालू आहे. कोरडा खोकला जातच नाही, सिरपच्या बाटल्या संपल्या. (भुसावळ)

खोकला गोळीचाच असू शकतो. एनालाप्रिल, रामिप्रिल ही एकाच गटातली (एसीई इन्हिबिटर) औषधं; त्यांनी शरीरात ब्रॅडिकिनिन नावाचं द्रव्य साठतं आणि घसा खवखवत राहतो. सिरपचा उपयोग नाही. डॉक्टर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन ही दुसऱ्या गटातली बीपीची गोळी देऊ शकतील. पण आडवं झाल्यावर खोकला वाढतो, दम लागतो, पाय सुजतात असं असेल तर ते हृदयाचं लक्षण असू शकतं, लगेच दाखवा. ओठ, जीभ सुजली तर तडक दवाखाना गाठा, आणि या गटातली गोळी पुन्हा कधीच घेऊ नका.

वडिलांचं हार्ट फेल्युअर आहे. उन्हात शेतात गेले की चक्कर येते. रामिप्रिल बंद करू? (शिरपूर)

परस्पर नको. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, घामानं पाणी कमी होतं, त्यात लघवीची गोळीही असेल तर बीपी उतरतं. बसवून बीपी मोजा, आकडा डॉक्टरांना फोनवर सांगा, पाणी किती प्यायचं तेही विचारा. जुलाब-उलट्या लागल्या तर डॉक्टर ही गोळी थोडे दिवस थांबवतात. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घरात असेल तर ती आधी काढून टाका. रामिप्रिल, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅक या तिन्ही एकत्र आल्या की किडनी बसू शकते.

मुलीला बीपीसाठी रामिप्रिल आहे, आता बाळाचा विचार चाललाय. (नंदुरबार)

दिवस राहण्याआधीच गोळी बदलून घ्या. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन असे पर्याय आहेत. दिवस राहिलेच असतील तर आजच डॉक्टरांना फोन करा.