‘लान’ म्हणजे चर्च की वाडी?

प्रश्न असा आला आहे: वेल्समध्ये लानबेरिस, लानगोलेन, लानदिदनो अशी ‘लान’वाली गावं जागोजागी दिसतात. या ‘लान’चा अर्थ चर्चच ना? आणि मराठीत तो लिहायचा कसा?

चर्च हा अर्थ चूक नाही, पण तो नंतरचा. मुळात हा शब्द कुंपण घातलेल्या जागेचा. वेल्शमध्ये आजही फळबागेला ‘पेरलान’, द्राक्षमळ्याला ‘ग्विनलान’ आणि मेंढवाड्याला ‘कोरलान’ म्हणतात. तिथे चर्चचा काय संबंध? कुंपणाच्या आत दफनभूमी आणि प्रार्थनास्थळ आलं, तेव्हा त्या आवारालाच लान म्हणू लागले, मग चर्चला, मग भोवतालच्या गावाला. आपल्या ‘वाडी’चंही असंच झालंय. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण. त्यातून नारळी-पोफळीची वाडी निघाली आणि माणसांचीही. लानबेरिस म्हणजे संत पेरिसचं लान, अगदी नरसोबाची वाडी म्हणावी तसं.

‘पेरिस’चं ‘बेरिस’ कसं झालं? मराठीत विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं, वेल्शमध्ये डोकं. वेल्सच्या अँगलसी बेटावरच्या त्या प्रसिद्ध लांबलचक नावाच्या (Llanfairpwllgwyngyllgogerychwyrndrobwllllantysiliogogogoch) गावात तर हे पदोपदी दिसतं. ‘माइर’ म्हणजे मेरी. लानला जोडल्यावर ती ‘वाइर’ होते. ‘पुल्ल’ म्हणजे खळगा, ‘ग्विनगिल्ल’ म्हणजे पांढरं हेझेल, एक झुडूप. पांढऱ्या हेझेलच्या खळग्यातलं मेरीचं लान, एवढंच मूळ नाव. नावात पुढे येणारे पाण्याचा भोवरा, संत तिसिलिओ आणि तांबडी गुहा हे शेपूट १८६० च्या दशकात प्रवासी ओढायला लावलेलं. रोमन लिपीत अक्षरं ५८, पण वेल्श माणूस ५१ मोजतो, कारण जोडीने लिहिलेला ‘एल’ त्याच्या वर्णमालेत एकच अक्षर, ‘सीएच’ही तसंच. गावकरी स्वतः ‘लानवाइरपुल्ल’वरच थांबतात.

आता लेखन. ‘लान’ ज्याने सुरू होतो तो जोडीचा ‘एल’ आपल्याकडे नाही. जीभ ‘ल’च्या जागी ठेवायची आणि गळा न घुमवता दोन्ही कडांनी वारा सोडायचा. ‘कोल्हा’तला ‘ल्ह’ त्यातल्या त्यात जवळचा, पण ‘ल्हान’ लिहिलं की वाचणारा ‘लहान’ म्हणणार! म्हणून मी सुरुवातीला साधा ‘ल’ आणि शेवटी ‘ल्ल’ लिहितो.