एकाच टबात किडेखाऊ झाडांची पंगत बसेल का?

प्रश्न : आमच्या पुण्यातल्या टेरेसवर दुपारपर्यंत छान ऊन असतं. एक व्हीनस फ्लायट्रॅप, एक सॅरासेनिया (उभ्या नळीसारख्या पानांची), दोन ड्रॉसेरा (म्हणजे दवबिंदू) आणि एक घटपर्णी (सुरईसारख्या सापळ्यांची) अशी रोपं मागवलीत, सगळी एकाच मोठ्या टबात लावून छोटीशी दलदल करायचीय. गांडूळखत किती घालू? पाणी बोअरचं आहे.

उत्तर : ताई, गांडूळखत अजिबात नको! ही झाडं मुळात अशा जागची आहेत जिथे जमिनीत नायट्रोजन जवळपास नाहीच, म्हणून तर बिचारी किड्यांच्या मागे लागली. खतवाल्या मातीत त्यांची मुळंच जळतात. पीटमॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) निम्मं-निम्मं घ्या, पीटमॉस कोरडं असलं की पाणी नुसतं वरून वाहून जातं म्हणून आधी कोमट पाणी घालत घालत हाताने नीट मळून घ्या आणि मग भरा. वाळू शक्यतो नकोच, त्यातही खाडीची तर नकोच नको, मीठ असतं.

खरा घोळ पाण्याचा आहे. बोअरचं पाणी पिताना कितीही गोड लागू दे, त्यात क्षार असतात आणि ते टबात महिनोन्‌महिने साठत जातात. उकळून उपयोग नाही, वाफ उडून जाते आणि क्षार तिथेच राहतात. पावसाचं पाणी सगळ्यात बेस्ट, जून ते सप्टेंबर पिंपं भरून झाकून ठेवा. आरओचं चालेल, पण बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी मिसळलेलं असतं, तेव्हा पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर मिळतो तो घ्या आणि आकडा ५० च्या खाली आहे ना बघा.

टब फूटभर तरी खोल हवा, रंगाने फिकट, काळा नको, एप्रिलमध्ये मुळं शिजतात. तळाला भोक पाडू नका, बाजूला पाडा, मातीच्या वरच्या थरापासून दोन-तीन इंच खाली. म्हणजे जास्तीचं पाणी वाहून जातं आणि खाली ओल टिकते.

आता घटपर्णी. तिला टबातून बाहेर काढा. किडे खाते म्हणून दलदलीतलीच असेल असं लोक धरून चालतात, पण मुळाशी पाणी तुंबलेलं तिला बिलकुल खपत नाही. हँगिंग बास्केटमध्ये नारळाच्या सालीचे तुकडे घालून लावा, उजेड भरपूर पण दुपारचं ऊन नको. म्हणजे एकत्र लावायचं ते पाणी आणि थंडी सारखी लागते का हे बघून, काय खातात ते बघून नाही.

फ्लायट्रॅप आणि सॅरासेनियाचं जमतं. फ्लायट्रॅप अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनातली, सॅरासेनियाही बरीचशी तिकडच्याच पट्ट्यातली, दोघींना हिवाळ्यात तीन-चार महिने झोप लागते. पुण्याची थंडी जेमतेम पुरते, तेव्हा डिसेंबरात टब घरात घेऊ नका, रात्री उघड्यावरच राहू दे. पानं काळी पडतील, मेली समजून फेकू नका. मुंबई-कोकणवाल्यांनी मात्र फ्लायट्रॅपच्या नादी लागू नये असं माझं मत, तिथे ड्रॉसेरा स्पॅटुलाटा आणि घटपर्णीच बऱ्या.

आणि पाहुण्यांच्या पोरांना आवरा! फ्लायट्रॅपच्या सापळ्याच्या आत बारीक केस असतात, साधारण २० सेकंदांत दोनदा धक्का लागला की तो मिटतो. आत काही सापडलं नाही तर पुन्हा उघडतो पण असं मोजक्याच वेळा जमतं, मग ते पान कामातून जातं. चपाती, चिकन वगैरे भरवू नका, सडतं.

प्रश्न : कासच्या पठारावरून दवबिंदूची रोपं आणून लावली तर? (सातारा)

उत्तर : नाही. २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीत आहे, तिथलं काही उपटायचंच नाही. शिवाय तिथला ड्रॉसेरा इंडिका पावसाळ्यापुरता जगतो, बी टाकतो आणि संपतो, उपटून आणला तर तेवढंही होत नाही. तिथलं सीतेची आसवं नावाचं छोटं फुलझाड पण किडेखाऊच बरं का, त्याचे सापळे म्हणजे चिखलातले बारीकसे फुगे, दिसतही नाहीत. जाऊन बघा, फोटो काढा.

प्रश्न : सोसायटीवाले म्हणतात डास होतील. (ठाणे)

उत्तर : पाणी मातीच्या आतच राहिलं, वर डबकं झालं नाही तर डास अंडी घालणार कुठे? टबाखाली ट्रे मात्र ठेवू नका. आणि फ्लायट्रॅप लावलं की घरातले डास जातील असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या, ती बहुतेक मुंग्या आणि कोळीच पकडते.