नंबर नाशिकचा, बोलणं मराठी, तरी फ्रॉड?

प्रश्न: आमच्या आप्पांना मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, या नंबरवर फोन करा. त्यांनी केला, तर समोरचा अगदी आपल्याकडचंच मराठी बोलत होता, "आप्पा घाबरू नका, फक्त 10 रुपये भरा, सिस्टीमला अपडेट होऊन जाईल". ट्रूकॉलरवर पण वीज ऑफिस नाशिक असंच दिसत होतं, नंतर 0253 वरून पण कॉल आला. मी कामावरून आले तर आप्पा ओट्यावर बसून डेबिट कार्ड उजेडाला धरून एकेक आकडा वाचून दाखवत होते, मी फोन ओढूनच घेतला. नंबर लोकल, माणूस मराठी, मग ओळखायचं कसं? (एक वाचक, सिडको)

उत्तर: ताई, फोन ओढून घेतलात ते फार बरं केलं. आणि आप्पांना रागावू नका हो. ज्यांनी जन्मभर बिल कधी थकवलं नाही त्यांनाच थकबाकीदार म्हटल्यावर सगळ्यात जास्त धडकी भरते, हे त्या लोकांना चांगलं माहितीये.

आधी एक काम करा. आप्पांनी कार्डचे किती आकडे वाचले ते शांतपणे विचारा, आणि अर्धे म्हणाले तरी कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा. समोरच्याने फोनमध्ये एखादं ॲप टाकायला लावलं होतं का तेही बघा, स्क्रीन शेअरचं ॲप असलं की इथला ओटीपी तिकडे दिसतो. दहा रुपये त्यांना नकोच असतात, ते भरताना टाकलेला कार्ड नंबर आणि ओटीपी हवा असतो.

आता नंबरचं. 0253 आपला कोड खरा, पण स्क्रीनवर कोणता नंबर दिसावा हे इंटरनेटवरून कॉल करणारा बदलू शकतो, आणि सिम बॉक्स नावाचं एक मशीन असतं त्यातून परदेशातला कॉल इथल्या सिमवरून आल्यासारखा दिसतो. मोबाईल नंबरवरून गाव ओळखायचे दिवस तर 2015 लाच गेले, तेव्हापासून नंबर तोच ठेवून देशात कुठेही पोर्ट करता येतो. ट्रूकॉलरवरचं नाव बहुतेक वेळा कुणी तपासून दिलेलं नसतं, लोकांनी जे टाकलं तेच येतं, मग चोर पण स्वतःचं नाव वीज ऑफिस ठेवू शकतो.

म्हणून नंबर सोडा, मेसेज बघा. महावितरणचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, कंपनीच्या नावाच्या हेडरवरून येतो, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी नंबर नाही, अक्षरं दिसतात. आणि 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे थकबाकी असली तरी कनेक्शन कापायच्या आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, त्यामुळे "आज रात्री साडेनऊला" वाचलं की तिथेच समजायचं. तरी आप्पांना चैन पडत नसेल तर जुनं कागदी बिल काढा, त्यावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घेऊन महावितरणच्या 1912 या हेल्पलाईनला तुम्ही स्वतः फोन करा. मेसेजमधल्या नंबरवर चौकशी केली तर चोरालाच विचारल्यासारखं होतं.

प्रश्न: सिन्नरच्या एका ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका आली, मी उघडली, काही दिसलंच नाही. टेन्शन घेऊ का? (एक वाचक, नाशिकरोड)

उत्तर: फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल आणि तुम्ही इन्स्टॉल दाबलं असेल तर हो दादा, आत्ताच्या आत्ता हलायला पाहिजे. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, एपीके म्हणजे ॲप, आणि हे ॲप तुमचे एसएमएस वाचतं. डेटा आणि वायफाय बंद करा, ते ॲप काढा, बँकेला घरातल्या दुसऱ्या फोनवरून कळवून नेटबँकिंग आणि यूपीआय थांबवा. खात्यातून काही गेलं असेल तर लगेच 1930 ही सायबर फ्रॉडची हेल्पलाईन लावा, पैसे पुढच्या खात्यात अडकलेले असतानाच होल्ड करता येतात, एकदा एटीएममधून काढले की अवघड होतं. आणि त्या सिन्नरवाल्यांना साधा फोन करून सांगा, त्यांचं व्हॉट्सॲप बहुतेक दुसऱ्याच्याच हातात आहे, त्यांना पत्ताही नसेल.