जर्दा

प्रिय मनू,

परवा मैत्रिणीकडे ईदचं जेवून आलीस आणि दारातूनच म्हणालीस, "आई, आज जर्दा खाल्ला! पिवळा, गोड भात असतो. मग आप्पा आजोबा तोंडात भात धरून बसायचे का?" बाबा हसला. मला हसू आलं नाही. 'नंतर सांगते' म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, ते तुझ्या लक्षात आलं असणार.

तसं दोन्ही एकाच शब्दातले. फारसीत 'जर्द' म्हणजे पिवळा. भात पिवळा म्हणून जर्दा, खायची तंबाखू पिवळसर म्हणून तीही जर्दा. आपण 'पिवळाजर्द' म्हणतो तेव्हा एकच रंग दोनदा सांगतो. तुला आवडतो तो जर्दाळूही त्यातलाच. तंबाखूचं झाड मात्र मूळ अमेरिकेतलं, पोर्तुगीजांनी ते आपल्याकडे आणलं. झाड कुठलं, नाव कुठलं, आणि येऊन बसलं ते आमच्या आप्पांच्या चंचीत.

ती चंची मला अजून दिसते. एका कप्प्यात जर्दा, एकात सुपारी नि अडकित्ता, एकात चुन्याची डबी. डाव्या तळहातावर चिमूटभर जर्दा घ्यायचा, नखावर चुना, मग अंगठ्याने मळत बसायचं, आणि शेवटी दोन थापा मारून धूळ उडवायची. मी शेजारी असले की हमखास शिंकायचे. एसटी स्टँडवर अनोळखी माणूससुद्धा "काढा की जरा" म्हणत हात पुढे करायचा. आप्पा त्याच्यापुरती मळून द्यायचे, मग पाऊसपाणी, पोरीबाळींची लग्नं, सगळं निघायचं. त्यात माया होती गं. हे मी उगाच बाजू घेऊन सांगत नाही... की घेतेय?

कारण दुकानातून पुडी आणायला मीच जायचे. उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी मिळायची. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात तंबाखू देताना दुकानदाराला काही वाटायचं नाही, घरात कुणाला नाही, मला तर अभिमानच वाटायचा.

पुढे आप्पांचं तोंड उघडेनासं झालं. दोन बोटंही आत जाईनात. मग गाठ निघाली. आजी भात मऊ शिजवून, दुधात कालवून चमच्याच्या टोकाने भरवायची. त्यांना गिळता यायचं नाही. शेवटचे महिने ते खरंच तोंडात भात धरून बसायचे, मनू. तुला हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं, म्हणून तर तुझ्यावर रागावले नाही.

तुला आत्ताच हे सांगावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. पण आप्पा म्हणजे फक्त ते आजारपण, असंही तुझ्या मनात राहायला नको. चंची माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. पाहायची असली तर काढून देईन, नाहीतर राहू दे.

आणि आपल्याकडेही तसा भात असतो, साखरभात. आप्पांना फार आवडायचा, केशर जास्त घातलेला. रविवारी करू का? मैत्रिणीलाही बोलव.

आई