मणक्याला मार लागल्यावर मांडी सुजलीये, एक्सरे नॉर्मल. नको तिथे हाड वाढतंय का ते सोनोग्राफीत कळतं का?

कळतं. एक्सरेच्या आधी कळतं. फक्त प्रोब (सोनोग्राफीत अंगावर फिरवतात तो) धरणाऱ्याच्या डोक्यात ती शंका यायला हवी.

माझा दादा नारळावरून पडला, डी-१० ला (पाठीच्या दहाव्या मणक्याला) मार, कमरेखाली संवेदना नाही. सातव्या आठवड्यात, नऊ दिवस मुंबईला कामावर राहून मी परत आलो, त्याला हाफपँट घालायला गेलो तर डावा पाय पोटाकडे दुमडेचना, मांडी हाताला गरम. टेप लावला, उजवीपेक्षा चार सेंटीमीटर जास्त. त्याला दुखतच नाही तर तो सांगणार काय. रक्ताची गुठळी असेल म्हणून डॉप्लर (शिरांतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) केला, नॉर्मल. एक्सरे नॉर्मल. झालं, वहिनीच्या वडिलांनी, तात्यांनी, मालिशवाला आणला.

सूज वाढली म्हणून दुसरीकडे परत डॉप्लर (गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे मशीन काही घरी येत नाही, दरवेळी चार माणसं, चादर आणि टेम्पो). तिथल्या मॅडमनी शिरा बघून झाल्यावर प्रोब खुब्याच्या पुढून सरकवला आणि थांबल्या. स्नायूत काळपट गोळा, त्याच्या कडेला तुटक पांढरी रेघ, खाली सावली, पित्ताशयातल्या खड्याखाली पडते तशी. म्हणाल्या, हाड धरतंय. तीन आठवड्यांनी एक्सरेत दिसलं, पिंजलेल्या कापसासारखं.

आता तात्यांचं म्हणणं, मी पाय जोरात वाकवला म्हणून हाड वाढलं. अहो, पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमधे हेच बघून फ्रान्सच्या डॉक्टर ऑगस्टा डेजेरीन-क्लुम्पके यांनी १९१८ मधे लिहून ठेवलंय, तिथे मी गेलो होतो का व्यायाम द्यायला? झटके देऊन ताणू नये हे मान्य, पण यांनी व्यायामच बंद करायला लावला आणि खुबा जाम झाला, आता व्हीलचेअरवर दादा सरळ बसत नाही, घसरतो. ऑपरेशन लगेच करत नाहीत, हाडाची वाढ थांबून ते पक्कं व्हायला बऱ्याचदा वर्षभर थांबतात.

हां, मी डॉक्टर नाही. आधी गुठळीच बघून घ्या, ती जिवावर बेतते. सोनोग्राफी हातावर अवलंबून असते, खोलवरचं सुटू शकतं, तरी शंका राहिली तर बोन स्कॅनचं (शिरेतून किरणोत्सर्गी औषध देऊन हाडांची तपासणी) विचारा. आणि मांडी रोज मोजून तारखेसकट लिहून ठेवा. माझी वही आहे, पहिल्याच पानावर ते चार सेंटीमीटर आणि मुंबईहून आल्याची तारीख. तात्यांनी अजून उघडलेली नाही.