क्रेप आकसलं, चिकटलं, ओढलं गेलं: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

आईची म्हैसूर क्रेपची साडी घरीच बादलीत धुतली. आता नेसली की घोट्याच्या वर राहते आणि पदरावरचे जरीचे पट्टे फुगून आलेत. साडी वाया गेली का? (नाशिक)

वाया गेलेली नाही, पण इस्त्रीवाल्याकडे नेऊन कडकडीत इस्त्री मारून घेऊ नका.

आधी झालं काय ते बघा. क्रेपच्या धाग्याला विणण्याआधीच भरमसाट पीळ दिलेला असतो, रेशमात एका मीटरला २००० ते ३००० वेढे. तेही काही धाग्यांना उजवा आणि काहींना डावा. धागा भिजला की फुगतो, पिळलेला धागा फुगला की आखूड होतो, आणि शेजारचा उलट्या पिळाचा असल्याने दोघे एकमेकांना खेचतात. क्रेपचा तो बारीक दाणेदार पोत यातूनच येतो. साडीच्या क्रेपमध्ये बहुतेक वेळा हा जबर पीळ आडव्या धाग्याला, म्हणजे बाण्याला असतो. म्हणून लांबी जवळपास तशीच राहते आणि पन्हा कमी होतो, आणि साडीचा पन्हा म्हणजे तुमची उंची! पदराच्या पट्ट्यांत बाण्याला जर आहे. जर पाण्याने आकसत नाही. मधलं अंग अरुंद झालं, पट्टे होते तेवढेच राहिले, म्हणून ते फुगलेले दिसतात.

आता उपाय. आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दाबून रंग सुटतो का ते पाहा. सुटत नसेल तर साडी गार पाण्यात थोडा वेळ बुडवा, न पिळता टॉवेलात गुंडाळून पाणी काढा. दमट असतानाच दोघींनी दोन काठ धरून हातभर हातभर पन्हा हलकेच ओढत जा. झटका नको. मग उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, रेशमाच्या खुणेवर इस्त्री करा आणि करताना एका हाताने काठाकडे ताण देत राहा. सगळा पन्हा परत येईलच असं नाही, पण बराच येतो. एवढा खटाटोप नको असेल तर रोल पॉलिश करणाऱ्याकडे द्या आणि ‘पन्हा ओढून द्या’ असं तोंडाने सांगा, नाहीतर तो नुसती चकाकी आणून देईल.

म्हैसूरला महाराजांनी १९१२ साली सुरू केलेला रेशीम कारखाना आजही चालू आहे आणि तिथल्या जुन्या साड्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या नेसल्या जातात. तेव्हा जपा, पण घाबरून कपाटात कोंडून ठेवू नका. वरचा एकदाचा उपाय सोडला तर जर असलेल्या क्रेपला घरी पाणी लावू नये, एवढंच पथ्य.

ऑनलाइन ‘प्युअर क्रेप’ म्हणून साडेचारशेला साडी घेतली. रेशीम असेल का? आणि थंडीत पायांना इतकी चिकटते की चालता येत नाही. (नागपूर)

साडेचारशेत रेशीम येत नाही हो! क्रेप रेशमाचं असतं, रेयॉनचं असतं, पॉलिएस्टरचंही असतं. ‘प्युअर क्रेप’ असं म्हणून विक्रेत्याने खोटं बोलल्याशिवायच फसवलंय. बाजारातलं बरंचसं स्वस्त क्रेप सुरतेहून येतं आणि ते पॉलिएस्टर असतं. खात्रीच करायची तर आतल्या बाजूचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिएस्टर वितळून टणक काळा मणी होतो. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं.

चिकटतंय ते घर्षणाच्या विजेने. नागपूरच्या कोरड्या हवेत ती निघूनच जात नाही. सॅटिनचा परकर काढा, सुती घाला, पायांना मॉइश्चरायझर लावा. शेवटच्या पाण्यात थोडं फॅब्रिक कंडिशनर टाकलंत तर आणखी फरक पडेल. त्या साडीला बाकी काही लाड लागत नाहीत: मशीनमध्ये जाळीच्या पिशवीत घाला, सावलीत वाळवा. रोजच्या नोकरीला मी स्वतः हेच क्रेप सुचवते.

नव्या क्रेप साडीला फॉल-बिडिंग करून घेतलं. पहिल्या धुण्यातच खालचा काठ गोळा झाला. साडी आकसली की शिवणारीचा दोष? (ठाणे)

साडी पालथी करून पाहा. सुरकुत्या फॉलच्या पट्टीपुरत्याच असतील आणि वरची साडी सपाट असेल, तर दोष फॉलचा. सुती फॉल न भिजवता लावला की पहिल्या पाण्यात तो लांबीला आकसतो आणि वरच्या हलक्या क्रेपला सोबत खेचतो. जाड काठ असेल तर लपून जातं. क्रेपमध्ये सगळं दिसतं.

फॉल उसवा. उसवताना कात्रीचं टोक कापडाच्या बाजूला नको, फॉलच्या बाजूला ठेवा. तोच फॉल आता आकसून झालाय, त्यामुळे इस्त्री करून परत वापरता येईल, फक्त लांबीला थोडा कमी पडेल. लावताना टेबलावर पसरून, साडी न ओढता, हाताने सैल टाके घाला. मशीनची घट्ट टीप दिली की तिथे पुन्हा गोळा होणारच. इथून पुढे फॉल रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून मगच शिवणारीच्या हातात द्या. ब्लाउजच्या अस्तराचंही तेच. तयार लावून मिळतं म्हणून दुकानातूनच फॉल-बिडिंग घेणाऱ्या बऱ्याच जणींच्या काठांची हीच गत झालेली दिसते.

खांद्यावर पिन लावली तिथे धागा ओढला जाऊन रेघ उमटली. (कोल्हापूर)

बाहेर आलेला फास कापू नका. कापलात की छिद्र मोठं होतं. बारीक सुईने फास उलट्या बाजूला घ्या, मग रेघेच्या दोन्ही बाजूंना कापड तिरकं, हळूहळू ओढा, म्हणजे धागा आपल्या जागी सरकतो. पुढच्या वेळी पदराच्या घड्यांखाली सुती कापडाचा लहान तुकडा ठेवून त्यातून पिन घाला. पिन नवी आणि बारीक हवी. गंजकी, बोथट पिन हा क्रेपचा खरा शत्रू.

पॉलिक्रेपच्या कुर्त्यावर इस्त्रीची चकचकीत खूण पडली. जाईल का? (सोलापूर)

दाबून दाणे बसले असतील तर बऱ्यापैकी जाईल: आतल्या बाजूने वाफ द्या, गार होईपर्यंत हात लावू नका. हाताला कडक लागत असेल तर तिथलं कापड वितळलंय. ते परत येत नाही, वर छोटी बुट्टी भरून घ्या.

रेयॉन क्रेपचं ड्रेस मटेरियल आणलंय, शिवायला टाकू का? (पणजी)

आधी भिजवा. रेयॉन क्रेप पहिल्या पाण्यात चांगलंच आकसतं, आणि ओलं असताना त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते, म्हणून पिळू नका, दोरीवर एका टोकाला लटकवू नका, आडवं पसरून वाळवा. वाळल्यावर इस्त्री करून मगच टेलरकडे मापाला द्या. टेलर ‘मी शिवल्यावर धुवा’ म्हणाला तरी ऐकू नका.