सीआयएए बास्केटबॉल स्पर्धा कधी आणि का सुरू झाली?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांची सीआयएए पुरुष बास्केटबॉल स्पर्धा 1946 मध्ये वॉशिंग्टनच्या टर्नर्स अरीनात सुरू झाली. ती भरवणारी संघटना, म्हणजे सीआयएए (सेंट्रल इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन), मात्र 1912 चीच. वर्णभेदामुळे या महाविद्यालयांना मोठ्या राष्ट्रीय स्पर्धांची दारं बंद होती, म्हणून त्यांनी स्वतःची स्पर्धा उभी केली. पुढाकार घेणाऱ्यांत प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन होते. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्याकडे कॅन्ससला शिकलेले. पहिल्या अंतिम सामन्यात मॅक्लेंडन यांच्याच नॉर्थ कॅरोलिना कॉलेजने व्हर्जिनिया युनियनला 64-56 असं हरवलं, तेही तिसऱ्या जादा डावात (ओव्हरटाइममध्ये). पहिल्याच वर्षी असा सामना मिळणं हे स्पर्धेचं मोठं भाग्य, असं मला वाटतं. आज विजेत्याला एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या डिव्हिजन टू (दुसऱ्या गटाच्या) राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. त्यामुळे हंगामभर मागे पडलेला संघही या एका आठवड्यात सगळे सामने जिंकून पुढे जाऊ शकतो.

जुन्या याद्या वाचताना इथे गफलत होते:

- ‘नॉर्थ कॅरोलिना कॉलेज’ म्हणजे आजचं नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल. चॅपेल हिलचं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ वेगळं.
- सीआयएएमधला पहिला ‘सी’ 1950 पर्यंत ‘कलर्ड’चा होता, नंतर ‘सेंट्रल’चा झाला.

एक लक्षात घ्या: 1970 मध्ये काही मोठी महाविद्यालयं बाहेर पडली आणि एमईएसी (मिड-ईस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्स) ही वेगळी संघटना उभी राहिली. त्यामुळे बाहेर पडलेल्या हॉवर्ड किंवा मॉर्गन स्टेटच्या सीआयएएमधल्या नोंदी शोधायच्या तर त्याआधीची वर्षं बघा.